विहिरीतलं वासरू

दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटं जुळवून तो चौकट करायचा, ती समोरच्याच्या तोंडापुढे धरायचा, डावा डोळा मिटायचा आणि जरा वेळाने मान हलवून म्हणायचा, "न्हाई बसत."

चहावाल्याचं तोंड बसत नव्हतं, एसटीच्या कंडक्टरचं बसत नव्हतं, मांडवात उभ्या असलेल्या नवरदेवाचंही बसत नव्हतं. एकदा आम्ही दोघं एका मयताला गेलो होतो. तिरडीवरच्या माणसाकडे बघत याचे हात वर यायला लागले, तेव्हा मी त्याचा दंड धरला. "आता तरी बसतंय का, बगत हुतो," तो म्हणाला. तुम्ही कधी तिसगावच्या बाजारात फिरला असाल, तर तुमचंही तोंड त्याने असंच नापास केलं असेल. मनाला लावून घेऊ नका.

तिसगावला स्टँडजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स, जे पडेल ते करतो. तो पहिल्यांदा आला तेव्हा खांद्याला शबनम, अंगात मळका झब्बा आणि चेहऱ्यावर मी त्याचं काही देणं लागतो असा भाव होता. "कॉम्प्युटर तुझा का? मी आर्टिस्ट. मुंबईला कॉमिक काढायचो." मी बसा म्हणालो. त्याने बसायच्या आधी चौकट धरली आणि म्हणाला, "न्हाई बसत. नाक लई म्होरं आलंय."

गाव त्याला पेंटर म्हणायचं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "पेंटर भिती रंगवतो. मी गोष्ट काढतो." खरं म्हणजे मुंबईला जायच्या आधी तो भिंतीच रंगवायचा. मुंबईत मुलांच्या चित्रकथा काढणाऱ्या कुठल्याशा छापखान्यात तो काही वर्षं होता, एवढं खरं. तिथे काय करायचा हे बरेच दिवस कळत नव्हतं. एकदा गप्पांच्या भरात माझ्या हाती लागलं. मी म्हणालो, "घोडे छान काढत असाल तुम्ही."

"घोडा दुसरा काढायचा," तो म्हणाला. "काळा मी करायचो."

म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या घोड्यांत, केसांत आणि रात्रीच्या आभाळात शाई भरायची, हे काम. एवढ्या भांडवलावर हा माणूस पुढची सगळी हयात मुंबईचा आर्टिस्ट म्हणून मिरवला. आपल्याकडे मिरवायला एवढंही पुरतं, हे मला त्याच्यामुळे कळलं.

चित्रं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून सांगतो. त्याला पाय काढता येत नव्हते. राजा असो, साधू असो, पुढारी असो, सगळे गुडघ्याएवढ्या गवतात उभे असत. आमच्या भागात उन्हाळ्यात औषधालाही गवत सापडत नाही, आणि याच्या चित्रात सभेच्या स्टेजवरही गवत. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "लोक तोंड बगत्यात. पाय कोन बगतंय?"

फ्लेक्स आल्यावर त्याचं पाट्यांचं काम बुडालं. तेव्हा त्याने नवा धंदा शोधला आणि त्यात मला ओढलं. पुढाऱ्यांचं चित्रचरित्र. वाढदिवसाला गावभर वाटायचं पातळ, रंगीत पुस्तक. साहेबांचा जन्म, साहेबांची शाळा, साहेबांचा संघर्ष, आणि शेवटच्या पानावर साहेब हात जोडून गवतात उभे. चित्रं तो काढायचा, फुग्यांतली वाक्यं मी टाईप करायचो, आणि पुस्तकं नगरहून छापून यायची. धड त्याच्याकडे एकच होतं, रुंद छातीचं. त्यावर फोटो बघून ज्याचं त्याचं डोकं बसवायचं. पोट कुणालाच नसे. गिऱ्हाईक खूश असे.

पहिलं गिऱ्हाईक साखर कारखान्याचे एक डायरेक्टर. पेंटरने त्यांना विचारलं, "ल्हानपनी काय पराक्रम केला का सायेब?" साहेब बराच वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "ल्हानपनी? काय न्हाई बुवा. खाल्लं आन् झोपलो." आता यातून काय चित्र निघणार? पेंटरने घरी जाऊन वासरू काढलं. एका गरीब बाईचं वासरू विहिरीत पडतं, सगळं गाव काठावर उभं राहून बघतं, आणि छोटे साहेब दोर कमरेला बांधून उडी मारतात. मी घाबरत घाबरत ते पान साहेबांना दाखवलं. साहेबांचे डोळे भरून आले. "व्हय रे," ते म्हणाले, "आसंच झालं हुतं."

पुढच्या सभेत त्यांनी ती गोष्ट स्वतःच सांगितली. वासराच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, ही भर त्यांची.

मग काय, वासराला मागणी आली. सोनईकडच्या एका सभापतींनी ते वाचवलं, जामखेडच्या एका युवा नेत्याने वाचवलं, एका डॉक्टरने तर वाचवून वर मलमपट्टीही केली. पेंटरचा नियम होता की एका तालुक्यात एकच वासरू. "तालुका बदलला की चालतंय," तो म्हणायचा. पान तेच, फक्त पोराचं डोकं बदलायचं. मला त्याची किळस यायची. पुढाऱ्यांची येत नव्हती असं नाही, पण ते निदान कलावंत असल्याचा आव आणत नव्हते.

तो मात्र आणायचा. हातात ब्रश, समोर कुणाचं तरी रंगवलेलं टक्कल, आणि तोंडाने म्हणायचा, "हे समदं पोटासाटी. माझं सोताचं पुस्तक यिऊ दे, मग कळंल तुमाला." मी ओळखू लागल्यापासून त्याचं ते पुस्तक येत होतं. कशावर आहे, सांगायचा नाही. किती झालं विचारलं की म्हणायचा, "पयलं पान चाललंय." आयुष्यात त्याला एकच गोष्ट हवी होती, वर त्याचं नाव असलेलं एक पुस्तक. आणि बाकीच्यांची चरित्रं गवतात उभी करण्यातच त्याची उमर चालली होती. मी हसायचो. तुम्हीही हसला असतात.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली. जवळच्याच एका गावात चुलता आणि पुतण्या एकमेकांसमोर उभे राहिले. चुलत्याचं पुस्तक आम्ही आधीच करून दिलं होतं, अर्थात वासरासकट. पुतण्या ऐनवेळी उभा राहिला आणि तोही पेंटरकडे आला. पानं माझ्या हातात पडली तेव्हा मी म्हणालो, "अहो, एकच गाव, एकच घर, विहीरसुद्धा एकच. वासरू बदला."

"मग काय काडू?"

"पूर काढा."

"पाथर्डी तालुक्यात पूर? येडा का खुळा?"

"मग आग काढा."

"आग काडली तर इम्यावाले चौकशीला येत्याल." तो चिडला. "आन् लोकाला चितर कळतंय व्हय? लोक फोटो बगून बाजूला ठिवत्यात. वासरूच ऱ्हाऊ दे." नंतर जरा हळू म्हणाला, "मला दुसरं काय येत न्हाई."

ते शेवटचं वाक्य मला भलतंच पटलं.

लोकांना चित्र कळतं, हे बाजाराच्या दिवशी त्याला समजलं. दोन्ही पुस्तकं एकाच सकाळी वाटली गेली. भाजी घेऊन बसलेल्या एका म्हातारीने दोन्ही पुस्तकं वासराच्या पानावर उघडून मांडीवर शेजारी शेजारी ठेवली, दोन्हींकडे बघितलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "चुलत्यानं काडलं का पुतन्यानं? का एकानं ढकललं आन् दुसऱ्यानं काडलं?"

संध्याकाळपर्यंत ते वाक्य आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पोचलं होतं. चुलता आणि पुतण्या दोघेही माझ्या दुकानात येऊन धडकले. आता गंमत बघा. एकालाही गोष्ट खोटी असल्याचं दुःख नव्हतं. दोघांचं भांडण होतं ते वासरू कुणाचं यावर. चुलता म्हणाला, "त्या हिरीत मी उडी मारली हुती, तवा ह्यो जल्मला बी नव्हता." पुतण्या म्हणाला, "मला आजून गुडघ्याला वन हाय," आणि त्याने खरंच पँट वर करून वण दाखवला. दोघांनी देवीची शपथ घेतली. शेवटी असं ठरलं की पेंटरने गावात पारावर येऊन, चारचौघांत सांगायचं, खरं वासरू कुणाचं.

मी त्याला म्हणालो, "जो निवडून येईल असं वाटतं, त्याचं म्हणा आणि मोकळे व्हा. पुढची कामं हातची जातील." त्याने मान डोलावली. मला वाटलं, हा तेच करणार. याच्याकडून दुसरं काही होईल अशी माझी अपेक्षाच नव्हती.

पारावर गाव जमलं होतं. पोरं मोबाईल काढून उभी. चुलता एका बाजूला, पुतण्या दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हा, शबनम लावून. त्याने हात वर केले, चौकट केली, चुलत्यावर धरली. मग पुतण्यावर धरली. डावा डोळा मिटलेला.

"न्हाई बसत," तो म्हणाला. "दोगं बी. वासरू माझं हुतं."

पोरांचे मोबाईल त्याच्याकडे वळले.

"दावं मी सोडलं हुतं. खेळायला. हिरीला कठडा नव्हता." त्याचे हात अजून वरच होते. "आन् ते काय निगालं बिगालं न्हाई. वरडत हुतं दुपारपतूर. मी काठावर हुबा हुतो."

मग पुतण्याचा एक कार्यकर्ता म्हणाला, "म्हातारं कामातून गेलं," आणि सगळे सुटल्यासारखे हसले. चुलता हसला, पुतण्याही हसला. त्या निवडणुकीत दोघं एकत्र हसलेली ती एकच वेळ. पेंटर शबनम सावरत उतरला आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागला. मलाही त्याचा रागच आला होता. एवढं होतं तर ते वासरू कारखान्याच्या डायरेक्टरला कशाला दिलं? वाचवलेलं करून गावोगाव कशाला वाटलं?

त्यानंतर त्याला कुणी काम दिलं नाही. कोण देणार? चरित्र काढणाऱ्यानेच खरं बोलायला सुरुवात केली तर पुढाऱ्यांनी जायचं कुठे!

पाऊसकाळ संपता संपता तो एकदा दुकानात आला. वाळला होता. चौकट धरली नाही, त्यावरून मी समजलो की काहीतरी बिनसलं आहे. पोरीकडे चाललो, चाकणला, म्हणाला. मग शबनममधून एक जाड कागद काढून टेबलावर ठेवला. "हे पयलं पान. माझ्या पुस्तकाचं. स्कॅन करून ठिव."

मी बघितलं. विहीर आतून काढलेली होती, तळातून वर बघणाऱ्याला दिसेल तशी. सगळीकडे काळोख. काळी शाई भरायला तो मुंबईत शिकला होता, आणि ती त्याने इथे अशी भरली होती की माझा हात कागदावरून मागे आला. वर मध्यावर आभाळाचा गोल तुकडा. त्याच्या कडेला एक पोर उभं, आणि त्याचे पाय. गवत नव्हतं. पाय वाकडेतिकडेच आले होते, एक लहान एक मोठा, बोटं कशीबशी. पण तेवढी जागा खोडून खोडून कागद इतका झिजला होता की पलीकडचा उजेड दिसत होता.

पोराला तोंड नव्हतं. तिथे नुसता पांढरा कागद.

"तोंड राहिलं," मी म्हणालो.

"त्येच तर न्हाई बसत." तो खुर्चीच्या काठावर टेकला. "मी तवा रडत हुतो, का नुसता बगत हुतो, ध्यानात यीना. रडत हुतो आसं काडलं आन् तसं नसलं तर?"

मी म्हणालो, "इतक्यांची तोंडं बसवलीत. एक तुमचं बसवा. कोण बघायला येणार आहे?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. माझा कॉम्प्युटर बंद होता. त्या काळ्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला असावा. त्याने हात वर केले, चौकट केली, डावा डोळा मिटला आणि पुष्कळ वेळ तसाच बसला. मी नेहमीच्या दोन शब्दांची वाट बघत होतो. ते आले नाहीत. त्याने हात खाली घेतले, "आठावलं की यीन," म्हणाला आणि नगरची गाडी पकडायला गेला.

तो आला नाही. चाकणलाच वारला, अशी बातमी आली. गावात त्याच्या नावाचा फ्लेक्स लागला नाही. मला तो आवडत नव्हता, आजही फारसा आवडत नाही. खोटारडा होता, घमेंडी होता, आणि त्याच्या गवतापायी मी आयुष्यातल्या कितीतरी दुपारी वाया घालवल्या. पण ते पान मी फेकलं नाही. एकदा ते स्कॅनरवर ठेवलं आणि तोंडाच्या जागी एखादं बसवून बघावं असं मनात आलं. बसवलं नाही.

परवा पुतण्याचा वाढदिवस होता. आता तो सरपंच आहे. फ्लेक्स माझेच होते, म्हणून सभेला जावं लागलं. भाषणात त्याने विहिरीची गोष्ट सांगितली. दोर कमरेला बांधला, उडी मारली, वासरू खांद्यावर घेऊन वर आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाजीवाली म्हातारी पुढेच बसली होती, तिनेही वाजवल्या.

मी दुकानात येऊन टेबलाचा खण उघडला आणि ते पान उजेडात धरलं. काठावरचं पोर अजून उभं होतं, आणि खालून त्याच्याकडे कुणीतरी बघत होतं.