हिरव्या ठिपक्याची डबी

माझ्या सासूबाईंना कोणी एक शब्द बोललं, तर त्या चार परत करतात, व्याजासकट. त्या गप्प बसल्या की मलाच धडकी भरते. मागच्या महिन्यात त्या अशाच गप्प बसल्या.

झालं असं. आमचे हे शाळेच्या प्रयोगशाळेत काम करतात. शाळेच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं, आणि कपाटामागे एक घरगुती कॉम्प्युटर सापडला, चाळीसेक वर्षांपूर्वीचा. जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं यंत्र, आणि चित्र बघायचं तर वायर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात खुपसायची. सुरू व्हायचा बिचारा, पण अक्षरं अशी की पाण्यात भिजलेला कागद बरा. हे तो उचलून घरी घेऊन आले, सोबत शाळेचा मेकॅनिक. कारण सासूबाई. हेच कॉम्प्युटर बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी एकोणीस वर्षं सोल्डरिंग केलं. त्यांच्या हातचं एकही काम परत आलं नाही, हे मी लग्न होऊन आले त्याच दिवशी ऐकलं आणि तेव्हापासून ऐकतेच आहे.

मेकॅनिकने झाकण उघडलं. आत एका कोपऱ्यात पत्र्याची डबी होती. कॉम्प्युटरचं चित्र अँटेनाच्या वाटेने टीव्हीत पाठवायचं काम तिचं. त्याने भिंगातून पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, "या डबीचं सोल्डरिंगच कच्चं आहे. केलंय कुणीतरी पाट्या टाकत. म्हणून चित्र खराब."

सासूबाईंनी भिंग मागून घेतलं. डबीवर हिरव्या रंगाचा बारीक ठिपका होता. कारखान्यात प्रत्येकीला वेगळा रंग दिलेला असायचा, चूक निघाली तर कोणाची ते कळावं म्हणून.

"हिरवा माझा," एवढंच म्हणाल्या.

मेकॅनिक गोरामोरा झाला. "आजी, मला तसं नव्हतं म्हणायचं."

"तसंच म्हणायचं होतं. ठेव इथे. चार दिवसांनी ये."

तो गेल्यावर दुपारभर घरात चिडीचूप. सत्तरी ओलांडलेल्या बाईची आयुष्यभराची अब्रू त्या काड्यापेटीएवढ्या डबीत अडकली होती. मला त्या मेकॅनिकचा असा राग आला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातलं टेबल बळकावलं. मी कणीक मळायची ती ओट्यावर उभ्याने. त्यांनी एकेक जोड तपासला. सगळे टणक, चकचकीत.

"मग चित्र खराब का?" मी विचारलं.

"अगं, चित्र आतून चांगलंच निघतं. पण डबी त्याचं गाठोडं बांधते आणि टीव्ही ते सोडतो. त्यात ते चुरगळणारच. तेव्हाच्या टीव्हीला दुसरी वाटच नव्हती. आताच्याला आहे. मग डबीच्या आधीच उचलू की चित्र!"

एक ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर, वीतभर वायर. हात थरथरतो म्हणून मनगट उलट्या वाटीवर टेकवून त्यांनी जोडणी केली. टीव्ही लावला, आणि खरंच, अक्षरं सुईने कोरल्यासारखी! मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात पाहिलं, पडद्यावर तिरप्या बारीक रेघा सरकत होत्या.

दोन दिवस त्या रेघांमागे गेले. वायर बदलली, ट्रान्झिस्टर बदलला. रेघा जाईनात. शेवटी माझी जीभ काही गप्प बसेना. "आई, डबी अजून सुरूच आहे ना? तीच मध्ये लुडबुड करत असेल."

"डबीला हात लावायचा नाही!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. पण डबी काढली तर दोष तिचाच होता असं लोक म्हणतील, म्हणून बाईसाहेब अडून बसल्या होत्या. जेवून उठताना म्हणाल्या, "येऊ दे त्याला. त्याच्यासमोर काढते."

मेकॅनिक आला. त्यांनी डबी दाखवली. "काढ बघू."

त्याने इस्त्री तापवली. आम्ही सोल्डरिंगच्या सळईला इस्त्रीच म्हणतो. एक कोपरा तापवावा, तर दुसरा घट्ट. वितळलेलं सोल्डर शोषून घ्यायचा पंप तीनदा मारला, घाम पुसला, पुन्हा मारला. डबी ढिम्म.

"आजी, हे निघतच नाहीये हो."

"कसं निघेल? कच्चं आहे ना!"

मला हसू आवरेना, हे तर खोलीबाहेरच पळाले. मेकॅनिकने स्वतःचे कान धरले. माणूस वाईट नाही, चूक कबूल करतो. मग सासूबाईंनी इस्त्री हातात घेतली, प्रत्येक कोपऱ्यावर ताज्या सोल्डरचा थेंब दिला आणि कोपरे एकामागून एक सोडवले. डबी बाहेर आली, आणि तिच्याच भोकातून नवी वायर गेली. खोक्याला नवा ओरखडासुद्धा नाही.

टीव्ही लावला. रेघा गायब. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, पूर्णविरामसुद्धा वेगळा दिसत होता. सासूबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"एकोणीस वर्षं डब्या जोडल्या, पण असं स्वच्छ चित्र आज पहिल्यांदा बघतेय," त्या म्हणाल्या. "आमच्या टेबलावर फक्त डब्या यायच्या. पडद्यापर्यंत आम्हाला कुणी नेलंच नाही."

मी उगाच टेबल पुसत बसले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी यांनी वस्तूपाशी ठेवायची पाटी काढली. अक्षर माझं चांगलं, म्हणून पेन माझ्या हातात दिलं. "लिही, दुरुस्ती, आणि पुढे आईचं नाव."

"दुरुस्ती?" सासूबाई कडाडल्या. "मोडलं काय होतं त्यात? बनवलंय म्हणून लिही. आणि माझ्या एकटीचं नाव नको. कारखान्यातल्या त्या टेबलावर आम्ही अकराजणी होतो."

मी लिहायला बसले. त्यांनी अकराही नावं कुठेही न अडखळता सांगितली, स्वतःचं सगळ्यात शेवटी.