साळवे काकांच्या वर्गात पालकांचे हात मागे

आज नातीच्या उन्हाळी शिबिरात गेले होते. मुलांनी बॅटरीवरचा दिवा बनवायचा होता, पण वायरी सगळ्या आईबापांच्याच हातात. माझे हात मात्र आपोआप पाठीमागे गेले.

हे मी लहानपणी, १९८०च्या सुमारास पाहिलेलं. ओझरला आमच्या कॉलनीतले साळवे काका विमान कारखान्यात फिटर होते. मे महिन्यात पहिली पाळी संपली की ते बुद्धविहारात मुलांचा वर्ग घ्यायचे, फुकट. घरची बिघडलेली वस्तू आणायची, सोबत घरचं एक मोठं माणूस. मोठ्यांनी हात मागे बांधून नुसतं बसायचं.

मी गजराचं घड्याळ उघडून परत जोडलं, तर एक स्क्रू उरला. सोबत आलेले बाबाही फिटरच, त्यांना राहवेना. काका म्हणाले, "हात मागे, भाऊ. तिला सापडेल."

तिसऱ्या दिवशी घड्याळ वाजलं. त्यानंतर घरात काही बिघडलं की बाबा स्क्रू ड्रायव्हर आधी माझ्या हातात द्यायचे.

आज नातीचा दिवा लागेना. तिने माझ्याकडे पाहिलं, मी बोटं घट्ट धरून बसले. शेवटी तिचा तिनेच लावला.

काकांचा खरा विद्यार्थी मी नव्हतेच, बाबा होते. तुम्हाला जमतं का हो, असं नुसतं बसणं?