पूर्वेचा धुरळा

साठ सालानंतरचे ते उन्हाळे मला एकाच दिशेने आठवतात. सांगलीजवळच्या आमच्या गावात शिजवलेली हळद माळावर वाळत घालीत. अर्धवट वाळलेली हळद भिजली की तिचा रंग जातो, बुरशी धरते आणि वर्ष वाया जाते. वळीव नेमका त्याच दिवसांत येई, दुपार कलल्यावर, पूर्वेकडून. म्हणून माळावर एक माणूस केवळ आभाळ पाहण्यासाठी बसवीत. त्याने हाक दिली की सगळ्यांनी हळद ओढून ढीग करायचे, ढिगांवर पत्रे टाकायचे आणि पत्र्यांवर दगड ठेवायचे. हाक खोटी ठरली तर सारे पुन्हा पसरावे लागे, आणि त्या माणसाला संध्याकाळपर्यंत बोलणी खावी लागत.

हे काम माझ्या चुलत्यांकडे होते. ते पलटणीतून निवृत्त होऊन आले होते. त्यांची हाक क्वचितच खोटी ठरे, आणि याचा त्यांना अभिमान होता.

त्या दुपारी पूर्वेला, मिरजेच्या रस्त्यावर, धुरळा उठला. तो रोजच उठे. दुपारची मोटार त्या कच्च्या रस्त्याने येई, आणि धुरळा दिसला की माळावर चहाचे आधण चढे.

चुलती हळद उलथीत होती. तिचे माहेर मेढ्याकडचे. डोंगरात लांबचे आभाळ दिसत नाही. तिकडची माणसे वाऱ्यावरून अंदाज बांधतात. ती हात थांबवून उभी राहिली.

"आवं, वारा येकदम पडलाय. गोळा करूया का?"

"मोटारीचा धुरळा हाय त्यो," चुलते म्हणाले. "पलटणीत आमी धुरळ्यावरनं ट्रक किती त्ये सांगायचो."

"मग ह्यात मानसं किती बसल्यात त्ये बी सांगा की," शेजारचा शेतकरी म्हणाला. "माझी सासू आसंल तर मी आत्ताच पळतो."

सगळे हसले. चुलतीही हसली आणि पुन्हा वाकली.

मोटारीचा धुरळा रस्ता धरून सरकतो आणि मागून विरत जातो. हा सरकत नव्हता, रुंद होत होता. थोड्या वेळाने त्याचा तळ काळा पडला. चुलते ताडकन उठले आणि त्यांनी हाक दिली. तोवर उशीर झाला होता.

आम्ही धावलो. ढीग झाले, पत्रे पडले. दगड ठेवण्याआधी वारा येऊन पोचला. माळावरच्या वावटळी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. हे निराळे होते. धुळीची भिंतच गरगरत आली आणि भर दुपारी अंधारून आले. चुलती शेवटच्या ढिगापाशी होती. पत्रा उडू लागला तशी ती त्यावर आडवी पडली.

"सोड! सोड गं त्यो!" चुलते ओरडत तिच्याकडे धावले.

तिने सोडला नाही. वाऱ्याने तिला पत्र्यासकट उचलले आणि बांधावर आपटले. मग गारा सुरू झाल्या.

तिला आम्ही त्याच पत्र्यावर घालून गावाकडे निघालो. वेशीपर्यंत पोचण्याआधी ती गेली. हळद सगळी भिजली. मोटार त्या दिवशी आलीच नाही. आभाळ पाहून चालकाने ती आधीच्या गावातच थांबवली होती, असे नंतर कळले.

पुढच्या उन्हाळ्यात माळावर कोणाला बसवायचे, हा प्रश्न कोणी काढला नाही. चुलते आपण होऊन त्याच जागी जाऊन बसले. रस्त्यावर धुरळा उठला की ते उभे राहत. चहाचे आधण तोवर कोणी ठेवीत नसे. बायका हातातली हळद तशीच धरून त्यांच्याकडे पाहत राहत. धुरळ्यातून मोटारीचा टप डोळ्यांना दिसला की ते म्हणत,

"मोटारच हाय."

मगच ते खाली बसत.