नो रिव्हर, कंट्री!

चिनी गुरुजींना नदी कधी नुसती नदी दिसलीच नाही. सिडनीतल्या गिरावीन उपनगरातल्या बागेत बाकावर डोळे मिटून ते त्यांच्याकडच्या नव्या कवींच्या कविता पाठ म्हणायचे आणि मग मोडक्या इंग्रजीत मला समजावायचे. मी आपली विचारायची, "मग ती नदी समुद्राला मिळाली का?" ते कपाळाला हात लावायचे. "सिस्टर! नो रिव्हर. कंट्री!"

डोंगर म्हणजे कंट्री, पिवळी माती म्हणजे कंट्री आणि बर्फात फुलणारं प्लमचं झाड म्हणजे तर डबल कंट्री. इथला प्लम ऑगस्टात फुलतो, म्हणून ते त्याच्यावर खरोखर रागवायचे. "राँग मंथ. धिस ट्री, नो पोएट्री."

मी तेव्हा जेमतेम साठीची पोर, मुलाकडे कायमची राहायला आलेली. लगेच मलाही झाडाझाडांत देश दिसू लागला. नाशकात जन्म काढला, पण पांडवलेणी चढायची म्हटलं की माझे गुडघे दुखायचे. आणि इथे निलगिरीखाली बसून सह्याद्रीच्या आठवणीने रडत होते! सून म्हणाली, "आई, अ‍ॅलर्जीची गोळी देऊ का?"

अशातच मुलाने नागरिकत्वाचं काढलं. इथलं घ्यायचं तर आपलं सोडावं लागतं. गुरुजींच्या देशाचंही तसंच. त्यांना सांगितलं, तर त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "माउंटन नो चेंज पासपोर्ट." आणि करंगळी पुढे केली. त्यांच्यात वचन असंच देतात म्हणे. मी करंगळी अडकवली आणि घरी येऊन जाहीर केलं, "मरेन ती भारतीय म्हणूनच!"

मुलगा म्हणाला, "अगं, मरायला कोण सांगतंय? फॉर्म भर फक्त."

नाही भरला. मग सुनेचा शपथविधी आला. इथे नव्या नागरिकाला सर्टिफिकेटबरोबर इथलंच एखादं रोपटं देतात. मी मागच्या रांगेत तोंड वाकडं करून बसले होते. पुढचं नाव पुकारलं आणि स्टेजवर चढले कोण? सूट घातलेले गुरुजी!

बाहेर त्यांना गाठलं. "गुरुजी, माउंटन?"

ते हसले. ओशाळून हसले असते तर चाललं असतं. अगदी मनापासून हसले. "ग्रँडसन हिअर, सिस्टर."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"यू क्राय सो हॅपी. आय नो डिस्टर्ब."

एवढं बोलून हातातलं रोपटं माझ्याकडे दिलं, "होल्ड, प्लीज," आणि झेंड्याजवळ फोटो काढायला गेले. मी तशीच गाडीत जाऊन बसले, रोपट्यासकट. ते मागायला आले नाहीत. पुढे मुलीबरोबर केलीव्हिल नावाच्या दुसऱ्या उपनगरात राहायला गेले, तेही मला दुसऱ्यांकडूनच कळलं.

सिडनीला परतताना विमानतळावर घरचे सगळे इथल्या पासपोर्टवर मशीनमधून सटकन पुढे जातात. मी एकटी लांब रांगेत, बाणेदारपणे पाय दुखवत.

रोपट्याचं झाड कुंपणाच्या वर गेलंय, लालभडक फुलतं. नात म्हणते, "आजी, सो प्रिटी! आपलंच ना?"

"ढापलेलं आहे," म्हणते मी. रोज पाणी घालते त्याला. बोलत मात्र नाही.