उजव्या स्प्रिंगवरचं पॅकिंग

वडील गेल्यावर दोन वर्षं त्यांची जुनी गाडी चिखल्याच्या आमच्या चिकूवाडीत उभी होती. २०१६च्या दिवाळीत मी ती दुरुस्त करून घेतली आणि चालवायला लागले, पण आई तीत बसेना. एकदाच बसली, ती वाणगावच्या बाजारापर्यंत दोन्ही हातांनी दाराची मूठ धरून. "ही मला दारावर ढकलते. मी नाही बसायची परत," म्हणाली. तिची बहीण झाईला अंथरुणाला खिळली होती. एसटीची पायरी आईच्या गुडघ्यांना झेपत नव्हती, रिक्षात पाठ धरायची. गाडी सरळ होईपर्यंत बहिणीची भेट नव्हती.

गाडी झुकत होती हे खरंच. पुढून पाहिलं की चालकाची, म्हणजे उजवी बाजू वर आणि डावी खाली. मी शाळेत गणित शिकवते. दोन बाजू समान नसल्या की मला चैन पडत नाही आणि आपल्याला सगळं समजतं हा माझा जुना रोग. फोनवर आठ-दहा व्हिडिओ पाहिले, दोन्ही बाजूंची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजली, चौकटीची वही काढली आणि पुढच्या सस्पेन्शनचा आराखडा मांडला. उजवी स्प्रिंग वेढाभर कापायची, दोन्हीकडे नवे शॉकॲब्सॉर्बर घालायचे. तोवर पान्याचा नंबरही मला धड ओळखता येत नव्हता.

आधी मला अंगणाचाच संशय आला. प्लॅस्टिकच्या नळीत पाणी भरून मी जमीन तपासली. नवरा ओट्यावर चहा पीत होता.

"नाचता येईना, अंगण वाकडं," तो म्हणाला.

अंगण सरळ निघालं. मी त्याच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही.

पुढच्या रविवारी वही घेऊन तलासरीला गेले. हायवेला ट्रकची कामं करणारे एक म्हातारे मिस्त्री आहेत, वडील गाडी त्यांच्याकडे कधी नेत नसत. सगळं स्वतःच करत, कुणाला हात लावू देत नसत. मिस्त्रींनी माझी वही शेवटपर्यंत पाहिली. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"बेन, माप घेतलं तेव्हा गाडीत कोण बसलेलं?"

"कोणी नाही."

"रिकाम्या गाडीचं माप काय कामाचं? गाडी रिकामी चालते काय?"

मग ते बॅटरी घेऊन खाली सरकले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. उजव्या स्प्रिंगच्या डोक्यावर जाड रबराची चकती होती. डावीकडे काहीच नव्हतं.

"पॅकिंग आहे. ही बाजू उचलायला कोणीतरी मुद्दाम घातलेलं. चालवणारा जाडा होता काय?"

"माझे वडील चालवायचे."

ते हात पुसत म्हणाले, "घरी जा. त्यांच्या वजनाइतका माल त्यांच्या सीटवर ठेवा, मग माप घ्या. सरळ उभी राहिली तर स्प्रिंगचा काय वांधा नाय. कापलेली स्प्रिंग परत जोडता येत नाय, बेन."

वडिलांचं वजन मला शोधावं लागलं नाही. हंगाम सुरू झाला की काट्यावर पहिला चिकू चढण्याआधी मालकानं चढायचं, असा त्यांचा नेम होता. व्यापाऱ्यांसमोर ते स्वतः उभे राहत आणि आकडा शेडच्या खांबावर रंगानं लिहीत. वर्षाखाली वर्ष. शेवटचा आकडा ब्याण्णव. त्यानंतरचे दोन हंगाम आम्ही कुणी काट्यावर चढलो नव्हतो.

वीस किलोचे चार क्रेट आणि बारा किलोची एक गोणी मी चालकाच्या सीटवर रचली. गाडी हळूच खाली बसली. दोन्ही बाजूंचं माप घेतलं. दोराभरही फरक नव्हता.

म्हणजे गाडीत बिघाड नव्हताच. वडील नव्हते, एवढंच. मी टेप हातात धरून तिथेच मातीत बसले आणि खूप रडले. त्यांनी जे शेजारी बसणाऱ्या आईसाठी सरळ करून ठेवलं होतं, त्यालाच मी वाकडं समजून कापायला निघाले होते.

आई काठी टेकत आली. तिनं क्रेट पाहिले, खांबाकडे पाहिलं. चकतीचं मी तिला तलासरीहून आल्यावरच सांगितलं होतं, आता आणखी काही सांगावं लागलं नाही.

"ती चकती काढून घे," ती म्हणाली.

"राहू दे ना, आई. त्यांनी घातलीय."

"त्यांनी स्वतःच्या वजनाची घातली. आता गाडी तू चालवतेस. चढ काट्यावर."

मला वजन सांगायला कधीच आवडलं नाही. नवऱ्यालाही मी चार किलो कमी सांगितलेलं. पण चढले. आईनं डोळे बारीक करून काटा वाचला, रंगाचा डबा मागवला आणि ब्याण्णवच्या खाली स्वतःच्या हातानं एकसष्ट लिहिलं.

पुढच्या रविवारी मिस्त्रींनी चकती काढली. मी ती वहीच्या आराखड्याच्या पानात ठेवली. वही आता मिटत नाही. परत येऊन आईला घेतलं. समुद्राकडचा रस्ता खड्ड्यांचा, मी सारखी तिच्या हातांकडे बघत होते. झाई येईपर्यंत ते मांडीवरच होते.