रंगतक्त्याची दुसरी छपाई

तिच्या पदवीत रसायनशास्त्र होतं, संख्याशास्त्र होतं, समाजशास्त्र होतं आणि चित्रकलेचाही एक पेपर होता. वडील टर्नर, आयुष्यभर एकाच लेथवर उभे राहिलेले. लेक काय शिकते असं कोणी विचारलं की म्हणायचे, "एक ना धड, भाराभर चिंध्या." नोकरी लागली तेव्हा मात्र शेजारीपाजाऱ्यांना सांगत सुटले, की तान्ह्या बाळांचा जीव वाचवणारी कंपनी आहे.

कंपनी पाच जणांची, टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत. विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट घरच्या घरी ओळखता यावं म्हणून तिथे कागदी पट्ट्या बनत. पट्टी पाण्यात बुडवायची, मिनिटभर थांबायचं आणि तिचा गुलाबी रंग छापील तक्त्याशी ताडायचा. 'धोका' या चौकटीइतका गडद आला, तर ते पाणी बाळाच्या दुधात घालायचं नाही. नायट्रेटने तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू कमी होतो, ओठ निळे पडतात.

तिचं काम मधलं. निवृत्त केमिस्टकाकांना छपाईतलं कळत नसे, छापखान्याला रसायनातलं. एकाचं दुसऱ्याला समजावणारी ती. याचा तिला जरा अभिमानच होता.

मंगळवारी सकाळी तिने दुसऱ्या छपाईचा एक तक्ता घेतला आणि काकांनी बरोबर धोक्याच्या मापाचं बनवून ठेवलेल्या पाण्यात सहज पट्टी बुडवली. तक्त्यानुसार पाणी चांगलं निघालं. तिने दुसरी पट्टी बुडवली, मग तिसरी. तिन्ही वेळा तेच.

छापखान्याने कागद बदलला होता. 'धोका'ची चौकट हवी त्याहून गडद उतरली होती. काका म्हणाले, छपाईचं तूच बघतेस ना. छापखानेवाल्याने आठवण करून दिली, की रंग पास झाल्याचं मॅडमनीच कळवलं होतं. कळवलं होतं खरं. कॉम्प्युटरवर पाहून, आणि पट्टीशी काकांनी ताडलं असेल या भरवशावर.

तीन आठवड्यांपूर्वी एकशे चाळीस तक्ते वाटले गेले होते. बाटलीचं दूध पिणारं बाळ असलेल्या एकशे चाळीस घरांत.

कंपनी काढणाऱ्याला सगळे कप्तान म्हणत. त्याने तक्ता खिडकीशी नेऊन पाहिला, आत आणून पाहिला. गुरुवारी गुंतवणूकदार भेटीला यायचे होते. ते गेले की शुक्रवारी सगळ्यांना कळवू, असं त्याचं म्हणणं.

"आत्ता बोभाटा झाला तर कंपनी राहायची नाही," तो म्हणाला. "आणि नाव तुझंच पुढे येईल."

धमकी नव्हती ती. तोही घाबरलेलाच होता.

ती जिन्यात जाऊन बसली. दिवसाला सहा बाटल्या, एकशे चाळीस बाळं, तीन दिवस. संख्याशास्त्र नको तिथे कामाला आलं. सगळ्याच विहिरी वाईट नसतात, हेही तिला माहीत होतं. त्याने धीर आला नाही.

तिने तक्ते वाटणाऱ्या तीन नर्सांपैकी पहिलीला फोन लावला. तक्ता चुकलाय, विहिरीचं पाणी बाळांना देणं आजच थांबवा, एवढं एका दमात सांगितलं.

"मी दारोदार जाऊन सांगितलंय, रंगावर विश्वास ठेवा म्हणून," नर्स म्हणाली. "आता कुणाचा निरोप सांगू? साहेबांचा?"

"नाही सिस्टर, माझा." तिने नाव सांगितलं. "तक्ता मी पास केला होता. तसंच लिहून घ्या."

"एका घरी बाळाचे ओठ निळसर दिसतात म्हणत होते. आधी तिकडे जाते."

फोन बंद झाला. तिने दुसऱ्या नर्सचा नंबर लावायला घेतला. बोट दोनदा चुकलं.