बंधाऱ्यावरचा फोटो

मिरजगावजवळच्या श्रमदान शिबिरात गेल्या हिवाळ्यात दगड घसरून एका विद्यार्थिनीचा पाय मोडला. ती पोलीस भरतीची तयारी करत होती.

शिबिराच्या सरांना मी बातमीसाठी नेहमी भेटत असे. गळ्यात शिट्टी, तासातासाला हजेरी, प्रत्येकाला 'बाळा'. पाहुणे आले की मात्र फोटो आधी. त्या दिवशीही त्यांनी मुलांना अर्धवट रचलेल्या बंधाऱ्यावर चढवलं.

"सर, दगड हालत्यात," ती म्हणाली.

"पोलीस व्हायचंय ना बाळा? मग दगडाला काय भितेस?"

दवाखान्यात तिच्या वडिलांनी विचारलं, "पोरगी पळंल ना वो सर?"

"पळेल की. इथं सही करा, विम्यासाठी लागते."

कागदावर लिहिलं होतं, 'विद्यार्थिनी सूचना न पाळता बंधाऱ्यावर चढली.' वडिलांनी न वाचता सही केली. मैदानी चाचणीला ती गेली नाही.